थकलेले भाडे आणि लिलावात गेलेला संसार : अमेरिकेतील स्टोरेज युनिटचे ऑनलाइन लिलाव

गोदाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. विषय घरचा असल्यामुळे हा धागा काढावा की नाही, याचा बरेच दिवस विचार करत होतो. भावाने परवानगी दिली म्हणून आता लिहीत आहे. नावे आणि कंपनी सांगणार नाही, कारण मला तक्रार नोंदवायची नसून झालेला प्रकार समजून घ्यायचा आहे.

माझा धाकटा भाऊ आणि भावजय सात वर्षे कॅलिफोर्नियात, सॅन होजेच्या परिसरात राहत होते. जानेवारी २०२३ मध्ये भावाची नोकरी गेली. एच-१बी व्हिसावर असलेल्या माणसाला नोकरी सुटल्यानंतर फार तर ६० दिवस मिळतात आणि त्या मुदतीत दुसरी नोकरी जमली नाही, तेव्हा मार्चमध्ये दोघे नाशिकला परतले. वर्षभरात पुन्हा येऊ अशी आशा असल्याने त्यांनी घरातले सगळे सामान १० बाय १० फुटांच्या एका स्टोरेज युनिटमध्ये, म्हणजे सामान ठेवायला भाड्याने मिळणाऱ्या गोदामातल्या खोलीत, लावून ठेवले. भाडे महिन्याला १८९ डॉलर होते आणि ते क्रेडिट कार्डावरून आपोआप जात असे. जूनअखेर त्या कार्डाची मुदत संपली, बँकेने नवे कार्ड जुन्या अपार्टमेंटच्या पत्त्यावर पाठवले आणि १ जुलैचे भाडे थकले. नोटिसाही त्याच जुन्या पत्त्यावर गेल्या. कंपनीच्या ईमेल आल्या होत्या, पण एरवी तिच्याकडून फक्त सवलतींच्या जाहिराती येत असल्यामुळे भावाने त्या उघडूनही पाहिल्या नाहीत. ऑक्टोबरमध्ये त्याने मुदत वाढवण्यासाठी फोन केला, तेव्हा युनिट १३ सप्टेंबरला लिलावात ३४० डॉलरला विकले गेल्याचे त्याला सांगण्यात आले.

लिलावाचे ते पान संकेतस्थळावर अजून दिसत होते. मी ते सॅक्रामेंटोत बसून उघडले. त्यावर सहा छायाचित्रे होती. शटर वर केलेले, समोर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली गादी, डाव्या बाजूला एकावर एक रचलेली खोकी आणि त्यांतल्या एकावर भावजयीच्या अक्षरात काळ्या मार्करने लिहिलेले ‘स्वयंपाकघर २’. मागे, गादीच्या कडेला, मरून रंगाच्या चादरीचा एक कोपरा दिसत होता. त्या चादरीत आमच्या वडिलांची पेटी (हार्मोनियम) होती. पंचवटीतल्या एका मंदिरात त्यांनी तीस वर्षे भजनाला साथ केली ती याच पेटीवर. तिची एक काळी पट्टी मोडली होती, तेव्हा आमच्या ओळखीच्या सुताराने तिच्या जागी शिसवीची पट्टी बसवून दिली होती, त्यामुळे काळ्या पट्ट्यांमध्ये ती एकच तपकिरी दिसते. लिलावाच्या पानावर मालाचे वर्णन म्हणून ‘फर्निचर, खोकी, अंथरूण-पांघरूण’ एवढेच लिहिले होते.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हे सगळे अडीच महिन्यांत कायदेशीरपणे होऊ शकते का? भाऊ आता काही करू शकतो का? आणि विकलेली एखादी वस्तू शोधण्याचा काही मार्ग आहे का?

कुलूपकिल्ली

गोदाकाठ, वाचून फार वाईट वाटले. मी सांताक्लारा काउंटीतल्या, म्हणजे सॅन होजेच्याच जिल्ह्यातल्या, एका स्टोरेजच्या कार्यालयात चार वर्षे व्यवस्थापकाचे काम केले आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकतो, आणि ते उत्तर दुर्दैवाने ‘होय’ असे आहे.

कॅलिफोर्नियात सेल्फ-सर्व्हिस स्टोरेजसाठी स्वतंत्र कायदा आहे. त्यानुसार युनिटमध्ये ठेवलेल्या मालावर मालकाला थकबाकीपोटी धारणाधिकार, म्हणजे तो माल अडवून विकण्याचा हक्क, मिळतो आणि तो बजावायला त्याला न्यायालयात जावे लागत नाही. भाडे सलग १४ दिवस थकले की पहिली नोटीस पाठवता येते. त्या नोटिशीत पैसे भरायला किमान १४ दिवसांची मुदत द्यावी लागते. मुदत उलटली की ग्राहकाचा प्रवेश बंद होतो, म्हणजे गेटचा कोड चालत नाही आणि त्याच्या कुलपावर आम्ही आमचे लाल कुलूप चढवत असू. मग लिलावाची दुसरी नोटीस जाते आणि तिच्यासोबत एक छापील प्रतिज्ञापत्र असते. हा दावा मला मान्य नाही, असे ग्राहकाने त्यावर सही करून मुदतीत परत पाठवले, तर लिलाव थांबतो आणि मालकाला न्यायालयात जाणे भाग पडते. चार वर्षांत ते प्रतिज्ञापत्र भरून परत आलेले मी दोनदाच पाहिले. तुमच्या भावाच्या वेळच्या पद्धतीनुसार त्यानंतर वर्तमानपत्रात लागोपाठ दोन आठवडे जाहिरात द्यायची आणि मग लिलाव करायचा. हे सगळे दिवस जोडले की १ जुलै ते १३ सप्टेंबर हा हिशेब बरोबर बसतो.

विलंबशुल्कावरही कायद्याची मर्यादा आहे. भाडे १०० डॉलर किंवा त्याहून जास्त असेल, तर महिन्याला २० डॉलर किंवा भाड्याच्या १५ टक्के, यांपैकी जे जास्त असेल तेवढेच लावता येते. तुमच्या भावाच्या बाबतीत ते २८ डॉलर ३५ सेंट होते. हिशेबाचे पत्रक मागून घ्या आणि हा आकडा जरूर ताडून पाहा. विक्रीतून थकबाकीपेक्षा जास्त रक्कम आली असती, तर वरकड रक्कम वर्षभरात मागण्याचा हक्क त्याला होता, आणि मागितली नाही तर ती काउंटीच्या तिजोरीत जमा होते. परंतु जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर मिळून नुसते भाडेच ५६७ डॉलर होते, त्यामुळे ३४० डॉलरमधून वरकड काही उरणार नाही.

कुलूप कापायचा दिवस कसा असतो, तेही सांगतो, कारण पुष्कळांना वाटते की कंपनीची माणसे आत जाऊन खोकी उघडतात. आमच्याकडे दोघांनी मिळून जायचे, ग्राइंडरने कुलूप कापायचे, शटर वर करायचे आणि उंबऱ्याबाहेर उभे राहूनच छायाचित्रे घ्यायची. एकाही खोक्याला हात लावायचा नाही. दिसेल तेवढेच लिहायचे. लगेच शटर खाली ओढून नवे कुलूप आणि क्रमांकाची सीलपट्टी लावायची. मरून चादरीखाली पेटी आहे, हे त्या व्यवस्थापकाला कळण्याचा काही मार्गच नव्हता.

तुम्ही कार्यालयात स्वतः जाऊन एक चौकशी मात्र अवश्य करा. छायाचित्रांचे अल्बम, कागदपत्रे, औषधे, अस्थिकलश यांसारख्या खासगी वस्तू खरेदीदाराने कार्यालयात परत आणून द्याव्यात, अशी अट बहुतेक लिलावांत असते. आमच्या कार्यालयात अशा खोक्यांसाठी मागे एक कपाट होते. फोनवर विचारले, तर समोरचा नवा माणूस ‘काही नाही’ म्हणून मोकळा होतो.

निळासांवळा

माझे मत कदाचित कोणाला आवडणार नाही, पण मनापासून लिहितो. करारावर सही केली, भाडे थकले, नोटिसा आल्या आणि त्या वाचल्या नाहीत. यात कंपनीची चूक कोणती? मालकालाही जागेचा कर आणि कर्जाचे हप्ते भरावे लागतात. भाडे न देणाऱ्याचे सामान वर्षानुवर्षे सांभाळत बसणे त्याला परवडणार नाही.

कुलूपकिल्ली

निळासांवळा, कंपनीची चूक आहे असे मी म्हटलेले नाही. उलट, लिलाव व्हावा असे कोणत्याही व्यवस्थापकाला वाटत नाही. माझ्या अनुभवात लिलावातून निम्मीसुद्धा थकबाकी वसूल होत नसे, आणि विक्रीच्या आदल्या दिवशी कोणी पैसे भरून युनिट सोडवले, तर आम्हाला हायसे वाटे. लिलाव पूर्ण होईपर्यंत थकबाकी भरून सामान सोडवता येते, आणि म्हणूनच या संकेतस्थळांवर शेवटच्या तासातही लिलाव रद्द होताना दिसतात.

प्रश्न आहे तो नोटीस पोहोचली की नाही, याचा. कायदा पाहतो ते नोटीस शेवटच्या ज्ञात पत्त्यावर रीतसर टपालाने पाठवली का, एवढेच. ती वाचली गेली का, हे तो पाहत नाही. म्हणूनच करारात दुसऱ्या एका व्यक्तीचे नाव आणि पत्ता विचारलेला असतो, आणि तो दिला तर पहिली नोटीस त्या व्यक्तीलाही पाठवावी लागते. मी जेवढे करार भरून घेतले, त्यांत अर्ध्याहून अधिक लोकांनी तो रकाना कोरा सोडला होता. घाई असते, बाहेर भाड्याचा ट्रक उभा असतो, मुले रडत असतात. तुमच्या भावाने कोणाचे नाव दिले होते?

गोदाकाठ

कोणाचेही नाही. मी तिथून दोन तासांवर राहतो आणि रकाना कोरा होता. हे कळल्यापासून त्याला आणि मलाही झोप नीट लागलेली नाही. निळासांवळा यांचे म्हणणे मला मान्य आहे, चूक आमचीच आहे. पण जुलैच्या एका न भरलेल्या भाड्याची किंमत म्हणून सात वर्षांचा संसार आणि त्यापूर्वीची तीस वर्षे जावीत, हे मनाला पटत नाही.

संध्याछाया

मी पुण्यात एका बँकेत बत्तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झाले. धागा वाचताना माझ्या मनात सतत आपल्याकडच्या लॉकरची तुलना होत होती. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये लॉकरविषयी सुधारित सूचना काढल्या आणि त्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झाल्या. त्यांनुसार लॉकरचे भाडे सलग तीन वर्षे थकले, तरच बँकेला लॉकर फोडण्याचा विचार करता येतो. त्याआधी पत्र, ईमेल आणि मोबाइलवर संदेश पाठवावा लागतो. पत्र परत आले किंवा ग्राहकाचा ठावठिकाणा लागला नाही, तर दोन वर्तमानपत्रांत, एका इंग्रजी आणि एका स्थानिक भाषेतल्या, जाहीर सूचना द्यावी लागते. लॉकर फोडताना बँकेचा अधिकारी आणि दोन स्वतंत्र साक्षीदार हजर असावे लागतात आणि त्या कामाचे चित्रीकरण करावे लागते. आणि एवढे झाल्यावरही आतल्या वस्तू लगेच विकायच्या नसतात. यादी करून त्या मोहोरबंद पाकिटात, अग्निरोधक तिजोरीत, ग्राहक येईपर्यंत ठेवायच्या असतात.

अशा दोन प्रसंगी मी स्वतः अधिकारी म्हणून उभी होते. एका लॉकरमध्ये बाळाच्या चांदीच्या वाळ्यांची जोडी आणि एक जुनी जन्मपत्रिका निघाली, बाकी काहीच नव्हते. आम्ही ते यादीत लिहिले, वजन केले, पाकीट मोहोरबंद केले. दीड वर्षाने लॉकरधारकांची सून आली आणि वाळे घेऊन गेली.

बँकेचा लॉकर आणि शंभर चौरस फुटांचे गोदाम या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कळते. गाद्या आणि सोफे तिजोरीत ठेवता येत नाहीत. पण तीन वर्षे आणि अडीच महिने यांच्यात जे अंतर आहे, ते जागेच्या भाड्यापुरते नाही. ग्राहक अडचणीत असू शकतो, आजारी असू शकतो, परदेशी असू शकतो, हे एका नियमात गृहीत धरलेले आहे आणि दुसऱ्यात नाही.

जुनाबाजार_जर्सी

गोदाकाठ, मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे, तरी लिहू द्याल अशी अपेक्षा करतो. न्यू जर्सीत राहतो आणि गेली सहा वर्षे शनिवार-रविवार असे युनिट लिलावात घेऊन त्यातला माल विकण्याचा जोडव्यवसाय करतो. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे थोडेफार असेल.

पूर्वी हे लिलाव प्रत्यक्ष जागेवर होत. पंधरा-वीस माणसे एका शटरसमोरून दुसऱ्या शटरकडे लिलाव पुकारणाऱ्याच्या मागे मागे फिरत आणि प्रत्येक दारात पाच मिनिटे टॉर्च मारून आत डोकावत. २०१० पासून या विषयावरची एक दूरचित्रवाणी मालिका गाजली आणि हौशी लोकांची गर्दी झाली. कोरोनाच्या काळात माणसे जमवणे अशक्य झाले, तेव्हा बहुतेक कंपन्या ऑनलाइन लिलावाकडे वळल्या आणि तिथेच राहिल्या. आता स्टोरेजट्रेझर्ससारख्या संकेतस्थळांवर पिनकोड टाकला की आजूबाजूच्या युनिटची यादी येते. छायाचित्रे पाहायची, बोली लावायची. शेवटच्या काही मिनिटांत कोणी बोली वाढवली, तर वेळ आपोआप पुढे सरकते. लिलाव मिळाला, तर बोलीवर संकेतस्थळाचे शुल्क द्यायचे, कार्यालयात सफाईची अनामत भरायची, माझ्याकडे ती बहुधा १०० डॉलर असते, आणि दोन-तीन दिवसांत युनिट झाडून मोकळे करून द्यायचे. झाडून म्हणजे शब्दशः केर काढून. कचरा त्यांच्या डब्यात टाकला, तर अनामत गेली.

लोकांना वाटते, यात घबाड मिळते. माझ्या हिशेबाने दहातल्या सहा युनिटमध्ये ट्रकचे भाडे आणि कचराडेपोचे पैसे वजा जाता काही उरत नाही. छायाचित्रात काय पाहायचे, हे कळायला मला दोन वर्षे लागली. एकाच मापाची, टेप नीट लावलेली, वर नावे लिहिलेली खोकी म्हणजे काळजीने जगणारे कुटुंब. काळ्या कचऱ्याच्या पिशव्या म्हणजे घाईत सोडलेले घर. तुमच्या भावजयीने खोक्यांवर नावे लिहिली होती, ती पाहूनच कोणीतरी ३४० पर्यंत गेला असेल.

आता पेटीविषयी. घेणारा माणूस धंदेवाईक असेल, तर त्याने दोन-तीन आठवड्यांत एक-एक वस्तू विक्रीला लावली असेल. अशा लोकांना हार्मोनियम हा शब्द माहीत नसतो. मी स्वतः इतरांच्या नोंदींत पेटीला ‘अ‍ॅकॉर्डियन’, ‘पंप ऑर्गन’, ‘भारतीय पियानो’ आणि एकदा तर ‘भात्याची लाकडी पेटी’ असे लिहिलेले पाहिले आहे. युनिटपासून शंभर मैलांच्या परिघात, सप्टेंबरच्या मध्यापासूनच्या नोंदी, हे सगळे शब्द आलटून पालटून टाकून शोधा. विकल्या गेलेल्या नोंदीही दाखवा, असा पर्याय निवडायला विसरू नका. तपकिरी पट्टी ही मोठी खूण आहे.

पैलतीर

जुनाबाजार_जर्सी, तुमचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, पण मला एक प्रश्न अस्वस्थ करतो आणि तो विचारल्याशिवाय राहवत नाही. दुसऱ्याच्या अडचणीवर बोली लावताना मनाला काही वाटत नाही का? आपल्याकडे मोडलेल्या घरची भांडी मातीमोल भावाने विकत घेणाऱ्याकडे लोक चांगल्या नजरेने पाहत नाहीत.

जुनाबाजार_जर्सी

वाटते. म्हणूनच सहा वर्षांत काही गोष्टी मी ठरवून घेतल्या आहेत. मी बोली लावली नाही, तरी ते युनिट कोणीतरी घेणारच, आणि कोणीच घेतले नाही तर सगळे कचऱ्यात जाते. तेव्हा घेणारा मी असलो, तर आतल्या माणसाच्या खासगी गोष्टी निदान परत जातील, एवढे माझ्या हातात आहे.

गेल्या वर्षी एडिसनजवळच्या एका युनिटमध्ये मला एक पत्र्याची पेटी मिळाली. आत एका बाईंच्या नावाचे पदवी प्रमाणपत्र, सोलापूरच्या शाळेचा दाखला आणि रबरबँड लावलेली पत्रे होती. मराठीतली पत्रे. पहिल्या पत्रावरचा ‘चि. सौ. कां.’ एवढाच मायना वाचला आणि पुढे वाचले नाही. ती पेटी मी कार्यालयात दिली आणि वर चिठ्ठी लावली की हे टाकू नये, याची भाषा मला येते, गरज पडल्यास मी संबंधितांना फोन करीन. दोन महिन्यांनी त्या बाईंचा मुलगा येऊन ती घेऊन गेल्याचे व्यवस्थापकाने मला आवर्जून कळवले.

अल्बम, प्रमाणपत्रे, पत्रे, देवाच्या मूर्ती आणि टाक हे मी विकत नाही. बाकीचे विकतो. यापेक्षा अधिक समर्थन माझ्याकडे नाही.

कलमबहाद्दर

दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. मी इथे वकिली करत नाही, मात्र कायद्याचा अभ्यास केला आहे, त्यामुळे हा सल्ला समजू नये.

न्यायालयाशिवाय लिलाव होतोच कसा, हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. १९७३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या माउंट व्हर्नन इथे शर्ली ब्रूक्स या बाईंना घरातून बाहेर काढण्यात आले आणि त्यांचे सामान फ्लॅग ब्रदर्स या गोदामवाल्यांकडे ठेवण्यात आले. शुल्कावरून वाद झाला आणि पैसे न दिल्यास सामान विकू, असे पत्र त्यांना आले. सुनावणीशिवाय मालमत्ता हिरावून घेणे राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीविरुद्ध आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९७८ मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला की विकणारा खासगी गोदामवाला आहे, सरकार नव्हे, आणि राज्याने कायद्याने परवानगी दिली एवढ्याने ते सरकारचे कृत्य ठरत नाही. तो खटला साध्या गोदामांच्या तरतुदींवर होता, पण स्टोरेज युनिटच्या कायद्यांमागचा विचारही तोच आहे.

तेव्हा तुमच्या भावाला संरक्षण आहे ते त्या राज्याच्या कायद्यातल्या पायऱ्यांचेच. नोटीस चुकीच्या पत्त्यावर गेली असेल, मुदत एका दिवसाने जरी कमी दिली असेल, जाहिरात एकदाच आली असेल, तर कंपनीकडे नुकसानभरपाई मागता येते. सर्व नोटिसांच्या प्रती, टपालाचा पुरावा आणि जाहिरातीची कात्रणे लेखी मागवा. परंतु प्रामाणिकपणे पैसे मोजून घेणाऱ्या खरेदीदाराकडून वस्तू परत मागता येत नाही. मालकाने पायऱ्या चुकवल्या, तरी अशा खरेदीदाराचा हक्क अबाधित राहतो, असे अनेक राज्यांचे कायदे सांगतात. पेटी सापडली, तर ती विकतच घ्यावी लागेल, आणि समोरच्याने ‘नाही’ म्हटले तर तोही त्याचा अधिकार आहे.

चोरीच्या मालाची गोष्ट मात्र वेगळी. अभिनेता निकोलस केज याच्या घरातून २००० मध्ये चोरीला गेलेला ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’ या चित्रकथांच्या मासिकाचा पहिला अंक २०११ मध्ये लॉस एंजेलिस परिसरातल्या एका स्टोरेज युनिटच्या सामानात सापडला आणि तो मूळ मालकाकडे परत आला. त्याच वर्षी तो लिलावात २१ लाख ६० हजार डॉलरला विकला गेला.

पैलतीर

लिलावात वस्तू विकली गेली की तिच्यातले सगळेच विकले जाते का? माझ्या मनात व्हिव्हियन मायर यांची आठवण आली.

कलमबहाद्दर

चांगला प्रश्न आहे, आणि मायर यांचेच उदाहरण त्याचे उत्तर आहे. त्या शिकागोत आया म्हणून काम करत आणि आयुष्यभर रस्त्यावरची छायाचित्रे काढत राहिल्या. म्हातारपणी त्यांच्याकडे युनिटचे भाडे भरायला पैसे उरले नाहीत आणि २००७ मध्ये त्यांच्या सामानाचा लिलाव झाला. जॉन मालूफ या तरुणाने निगेटिव्हचे एक खोके साधारण ३८० डॉलरला घेतले. मायर एप्रिल २००९ मध्ये गेल्या, आणि त्यांचे नाव जगाला कळले ते त्यानंतर. एक लाखाहून अधिक निगेटिव्ह निघाल्या. पण निगेटिव्ह विकत घेतली म्हणून छायाचित्रांचा प्रतिलिप्यधिकार (कॉपीराइट) मिळत नाही. तो वारसांकडेच राहतो, आणि त्यावरून २०१४ पासून शिकागोच्या कुक काउंटी न्यायालयात काम चालले. तेव्हा तुमच्या भावाच्या संगणकातले लेखन, भावजयीच्या वह्या, वडिलांनी ध्वनिमुद्रित केलेली भजने असतील, तर कागद आणि फिती खरेदीदाराच्या झाल्या, आतले लेखन आणि गाणे झालेले नाही.

मला मात्र त्या गोष्टीत वेगळेच खुपते. मायर २००७ मध्ये हयात होत्या. त्यांचे आयुष्यभराचे काम खोक्याखोक्याने विकले जात असताना त्या त्याच शहरात राहत होत्या.

रेवाताई

एक छोटी भर घालते. माझे यजमान अमेरिकी सैन्यात आहेत. सेवेत असलेल्या व्यक्तीचे युनिट असेल, तर संघराज्याच्या कायद्याने सेवाकाळात आणि त्यानंतर ९० दिवसांपर्यंत न्यायालयाच्या आदेशाशिवाय त्याचा लिलाव करता येत नाही. आम्ही करारावर तसे लिहून दिले होते आणि आदेशपत्राची प्रतही जोडली होती. म्हणजे माणूस दूर असतो आणि पत्र त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, हे या देशाच्या कायद्याला कळते. ते सैनिकांपुरतेच का कळावे, एवढेच मला विचारावेसे वाटते.

निळासांवळा

रेवाताईंचा मुद्दा मला पटला. माझ्या पहिल्या प्रतिसादात मी ज्या ठामपणे लिहिले, त्यात बदल करतो. कंपनीने वेगळे काही करायला हवे होते, असे अजूनही वाटत नाही, पण नियमात एका फोनची सक्ती असायला हरकत नाही. भाडे मागताना हीच कंपनी फोनवर संदेश पाठवते.

गोदाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे.

कुलूपकिल्ली यांच्या सांगण्यावरून मी कार्यालयात स्वतः गेलो. फोनवर दोनदा ‘काही नाही’ असे उत्तर मिळाले होते. तिथल्या बाईंनी मागच्या खोलीतून एक खोके आणून दिले. त्यात दोघांच्या पदव्या, लग्नाचा अल्बम, मुलीच्या जन्माचा दाखला आणि जुने पासपोर्ट होते. खरेदीदाराने सगळे एका पिशवीत नीट घालून वर युनिटचा क्रमांक लिहिला होता. भावजयीने व्हिडिओ कॉलवर अल्बमचे एक-एक पान मला उलटायला लावले. हिशेबाचे पत्रक घेतले, त्यात विलंबशुल्क बरोबर आहे. नोटिसांच्या प्रती मागितल्या, त्यांत तारखाही बरोबर आहेत आणि पत्ता तो जुनाच आहे. कलमबहाद्दर, पुढे जाण्यासारखे काही दिसत नाही आणि भावालाही भांडायचे नाही.

पेटीचा शोध मी रोज रात्री घेत होतो. ‘पंप ऑर्गन’ आणि ‘भारतीय पियानो’ यांनी काही हाती लागले नाही. ‘अ‍ॅकॉर्डियन’ टाकल्यावर अकराव्या दिवशी विकल्या गेलेल्या मालात कॅलिफोर्नियातल्याच स्टॉकटन शहराची एक नोंद दिसली. किंमत ६० डॉलर. तिसरे छायाचित्र वरून काढलेले होते आणि त्यात उजवीकडून चौथी काळी पट्टी तपकिरी होती.

विक्रेत्याला मी सगळे लिहून कळवले. त्याने त्याच रात्री फोन केला. त्याने ती एका ट्रेलरभर सामानासोबत घेतली होती, वाजवता येत नव्हती, म्हणून नोव्हेंबरमध्ये विकली. घेणारे एक वयस्क शीख गृहस्थ होते. त्यांनी रोख पैसे दिले, अंगणातच पेटी उघडून भाता हलवला, दोन सूर वाजवून पाहिले आणि चादरीतच गुंडाळून गाडीच्या मागच्या आसनावर पट्टा लावून ठेवली. त्यांचा फोन क्रमांक विक्रेत्याकडे नाही. मुलांना शिकवण्यासाठी हवी आहे, असे ते म्हणाले होते, एवढे त्याला आठवते.

स्टॉकटनला १९१२ पासूनचा गुरुद्वारा आहे. येत्या रविवारी सकाळी मी तिथे जाणार आहे आणि छायाचित्र छापून सोबत नेतो आहे. भावाने सांगितले आहे की पेटी मुलांच्या हातात असेल, तर परत मागू नकोस, फक्त चौथी पट्टी अजून तशीच आहे का, ते बघून ये.